खल कोण धरणार?

मी एक मातीचा खल बोलतोय. दगडाचा नव्हे आणि लोखंडाचाही नव्हे. भट्टीत भाजलेल्या मातीचा, लहानशा परातीएवढा रुंद. बाहेरून माझ्यावर तपकिरी चकाकी आहे, आतून मात्र मी खरखरीत. तळापासून काठापर्यंत माझ्या पोटात बारीक खाचाच खाचा आहेत. त्या खाचांवर तीळ रगडायचे, अक्रोड वाटायचे, भात अर्धवट ठेचायचा, कंद घोटायचा. माझ्याबरोबर एक लाकडी घोटणी असते. ती तिरफळाच्या भावकीतल्या एका झाडाची आहे. दरवर्षी ती थोडी थोडी झिजते आणि घरातली माणसं तिला कंदाबरोबर खाऊन टाकतात. पोटाला चांगली असते, असं वर सांगतात.

माझा एक दोष आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी फसवलं म्हणायला नको. एकट्या माणसाला मला वापरता येत नाही. घोटणी गरगर फिरू लागली की तिच्यामागून मीही फिरू लागतो. म्हणून आमच्या डोंगरांत रीत अशी की एकानं घोटायचं आणि दुसऱ्यानं समोर बसून मला दोन्ही हातांनी धरायचं. मोठ्यानं घोटायचं, धाकट्यानं धरायचं. कुठल्या घरात कुणाचं चालतं हे बघायचं असेल तर घोटणी कुणाच्या हातात आहे तेवढं बघावं.

माझा जन्म इवामीच्या मुलखातल्या एका भट्टीत झाला. माती कुंभारानं चाकावर चढवली, पण खाचा मारायचं काम त्याच्या आईचं होतं. लोखंडी कंगवा घेऊन ती तळातून काठाकडे सर्रकन रेघा ओढायची आणि हात चालू असेपर्यंत आपल्या जावयाला नावं ठेवायची. माझ्या निम्म्या खाचा त्याच्या आळसावर निघाल्या आणि निम्म्या त्याच्या दारूवर. रेघा मात्र एकसारख्या सरळ आल्यात, त्याबद्दल म्हातारीचे उपकारच मानायला हवेत.

तिथून गवतात गुंडाळून मला नदीकाठच्या बाजारात आणलं आणि शिगेनो नावाच्या नव्या नवरीनं मला विकत घेतलं. त्याला आता एकोणचाळीस वर्षं होतील. पहिली काही वर्षं तिची सासू घोटायची आणि शिगेनो धरायची. सासू गेल्यावर घोटणी शिगेनोकडे आली आणि मला धरायला तिचा मुलगा मासुओ बसू लागला. मासुओ फार वाईट धरायचा. एका हातानं मला धरायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या पोटात बुडवून चाटायचा. शिगेनो त्याच्या डोक्यात घोटणीचं मागचं टोक हाणायची. बारा-तेरा वर्षं हेच चाललं होतं.

मग मासुओचं लग्न झालं आणि फुसाए आली. तिचे हात लहान, पण धरणं असं की मी रुतूनच बसायचो. पहिल्याच दिवशी शिगेनोनं तिच्याकडे न बघता म्हटलं, "हं. निदान धरता तरी येतंय." आमच्या शिगेनोच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे ती कौतुकाची पराकाष्ठाच समजायची.

या घराची एक गोष्ट तुम्हांला ठाऊक असायला हवी. शरद ऋतू सरत आला की इथे रानकंद खातात. तो डोंगरात जमिनीखाली पुरुषभर खोल जातो, आणि न मोडता बाहेर काढायला अर्धा दिवस उकरावं लागतं. कंदाची जागा कुणी कुणाला सांगत नाही. शिगेनोच्या नवऱ्यानं मरेपर्यंत ती तिलाही सांगितली नाही, फक्त मुलाला सांगितली. मासुओनं मात्र ती लग्नाआधीच फुसाएला नेऊन दाखवली. त्यानं मागणी घातली ती अशी. त्याला बोलायला कधी जमलंच नाही.

मासुओ एका हिवाळ्यात लाकूडतोडीच्या कामावर गेला आणि बर्फावरून घसरून दरीत पडला. त्यानंतर घरात दोन बायका उरल्या. कंद काढायला फुसाए एकटीच डोंगरात जाऊ लागली. सकाळी ती अळंब्यांच्या शेडमध्ये निवडायच्या कामाला जायची, संध्याकाळी घरी येऊन मला धरायची. दोघी जास्त बोलायच्या नाहीत. पण मी मध्ये असलो की समोरासमोर बसावंच लागायचं.

मासुओच्या मृत्यूच्या तिसऱ्या वर्षाचे विधी व्हायचे होते, तेव्हा बैठकीच्या खोलीतल्या चटया नव्या करायला खाली शहरातून इसाओ नावाचा कारागीर आला. चाळिशीचा, रुंद हातांचा, आईचं दुखणं काढता काढता लग्न राहून गेलेला माणूस. तीन दिवस तो ओसरीवर बसून जाड सुईनं चटया शिवत होता. तिसऱ्या दिवशी चहा द्यायला गेलेली फुसाए त्याच्या कशावर तरी हसली. खळखळून हसली. स्वयंपाकघरात शिगेनो चिमूटभर तीळ हळूहळू रगडत होती, तिचा हात थांबला. अडीच वर्षांत त्या घरात तसं हसू झालं नव्हतं.

शरदात दिवस-रात्र सारखी होते त्या आठवड्यात आमच्याकडे पितरांना गोड भाताचे गोळे दाखवतात. त्यासाठीचा भात माझ्यातच ठेचतात. शिगेनो ठेचत होती आणि फुसाए फुलं घेऊन थडग्यावर गेली होती. घोटणी सावकाश फिरत होती, म्हणून एका हातानं धरून तिचं भागत होतं. तेवढ्यात शेजारची तोमे आली. तोमे म्हणजे आमच्या खोऱ्यातली स्थळं जुळवणारी बाई.

"शिगेनो, आहेस का गं? एक बोलायचं होतं."

"बोल. कान मोकळे आहेत, हात भरलेत."

"त्या चटईवाल्या इसाओनं विचारलंय. फुसाएबद्दल."

"पितरांच्या आठवड्यात स्थळ घेऊन आलीस? माझ्या मुलाच्या थडग्यावरचं पाणी वाळलं नाही अजून!"

"अगं, तिसरं वर्ष लागलं. ती छत्तीस वर्षांची आहे. तू काय तिला जन्मभर दाराशी बांधून ठेवणार आहेस?"

शिगेनोनं घोटणीवर जोर दिला. भात जरा जास्तच ठेचला गेला. मग म्हणाली, "तिलाच विचार. माझ्या नावानं काही सांगू नकोस."

चार दिवसांनी तोमेनं फुसाएला मागच्या अंगणात गाठलं. मी तिथेच फळीवर उपडा वाळत होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. दाराच्या आड शिगेनो उभी होती. तिनंही ऐकलं.

"माणूस चांगला आहे, काकू," फुसाए म्हणाली. "वाईट म्हणायला जागाच नाही."

"मग हो म्हण की!"

"मी गेले तर आईंचा खल कोण धरणार?"

तोमे हसली. "खलासाठी कुणी स्थळ मोडतं का गं?"

फुसाए हसली नाही. "त्या एकट्या झाल्या तर भात आणि लोणचं खाऊन झोपतील. मला माहीत आहे. माझं नाही आहे म्हणून कळवा."

मला तर लाजेनं माती व्हावंसं वाटलं. माझ्या एका दोषापायी या पोरीचं आयुष्य अडत होतं. दाराआडची सावली हलली आणि आत गेली. त्या दिवशी शिगेनोनं रात्रीच्या जेवणात मीठ दोनदा घातलं.

ऑक्टोबर लागला. एका सकाळी फुसाए मूठभर जव अंगरख्याच्या खिशात टाकून डोंगराकडे निघाली. हे कशासाठी, ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कंदाचा वेल पिवळा पडला की वारा त्याला तोडून नेतो आणि मग जागेचा मागमूस राहत नाही. म्हणून वेल आहे तोवर त्याच्या बुडाशी जव पेरायचे. पानगळीत सगळा डोंगर तपकिरी होतो, पण जवाचे हिरवे कोंब तेवढे दिसतात आणि तिथे उकरायचं. शिगेनोनं तिला जाताना पाहिलं. म्हणजे यंदाही ही इथेच राहून कंद काढणार, हे तिला कळलं. तिला आनंद झाला. आणि आपल्याला आनंद झाला याचा तिला इतका राग आला की तिनं समोरची बादली पायानं लाथाडली.

त्याच दिवशी तिनं मला खाली काढलं.

घरात कुणी नव्हतं. बाजारचा साधा कंद तिनं सोलला आणि मला चटईवर ठेवून एकटीच घोटायला बसली. पाच-सहा फेऱ्यांत मी सरकलो, भिरभिरलो आणि चुलीच्या कट्ट्याला जाऊन आपटलो. काठाचा टवका उडाला. शिगेनोनं तो उचलला, मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "मेल्या, जरा नीट बस ना." चौतीस वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

संध्याकाळी फुसाएनं काठावरून बोट फिरवलं. "आई, हे कशानं झालं?"

"मांजरानं पाडला."

"आपल्याकडे मांजर कुठंय?"

"शेजारचं आलं होतं."

शेजारी मांजर नव्हतं, कोंबड्या होत्या. 

पुढच्या दिवसांत त्या बाईनं काय काय केलं! फुसाए शेडवर गेली की ही मला घेऊन बसायची. पाय लांब करून तळव्यांमध्ये धरून पाहिलं. कुणी बघितलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. खाली ओला फडका घालून पाहिला. दोरीनं खांबाला बांधलं, तर दोरीच घोटणीत अडकली. बरं, नुसतं घोटून भागत नाही. कंद चिकट झाला की त्यात सुक्या माशांचं, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो घातलेलं सार धारेनं सोडायचं असतं, आणि हात थांबवायचा नसतो. धरणारा माणूस ते एका हातानं सोडतो. इथे धरणाराच नव्हता. एक दिवस फुसाएच्या यायच्या वेळेआधी उरकायचं म्हणून शिगेनोनं सार निवू दिलं नाही, तसंच ओतलं. कंद फाटला, गाठी झाल्या. त्या सगळ्या गाठी तिनं उभ्या उभ्या खाऊन टाकल्या, पुरावा राहू नये म्हणून. हातांना सुरणासारखी खाज सुटली होती. ती रात्रभर बोटं चोळत बसली आणि फुसाएला सांगितलं, थंडीनं होतंय.

मला तिची कीव आली आणि अभिमानही वाटला. मी मदत करू शकत नव्हतो. ओल्या फडक्यावर जेवढं जड होऊन बसता येईल तेवढं बसत होतो, इतकंच.

शेवटी तिला युक्ती सापडली. खांब आणि तांदळाची पेटी यांच्यामध्ये एक कोपरा होता. खाली ओला फडका घालून मला त्यात दाबायचं आणि पुढून डाव्या गुडघ्यानं रेटून धरायचं. सार आधीच निववून चहाच्या किटलीत भरायचं. मग उजव्या हातानं घोटणी, डाव्या हातानं किटली. दुखऱ्या गुडघ्यानं ती दर दोन मिनिटांनी "आई गं" करायची. पण मी हललो नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर फुसाएनं कंद आणला. हातभर लांब, वाकडातिकडा, कुठेही न मोडलेला. त्याचे केस जाळावर जाळले, धुतला आणि ती सवयीनं माझ्यासमोर हात पुढे करून बसली.

"तू ऊठ," शिगेनो म्हणाली. "आज नुसती बघ."

तिनं मला उचलून कोपऱ्यात नेलं, गुडघा टेकवला आणि सुरुवात केली. कंद माझ्या खाचांवर घासत गेला, पांढरा, घट्ट, लोण्यासारखा. घोटणी फिरत होती, किटलीची धार सुटत होती. शिगेनोनं एकदाही "आई गं" म्हटलं नाही. ओठ मात्र घट्ट मिटले होते. घोटून झालं तेव्हा एकही गाठ नव्हती.

 फुसाएनं विचारलं, "कधी शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? मला पहिल्यापासून येतं. तुला बसल्या जागी काहीतरी काम असावं म्हणून धरायला लावत होते."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं. तुला दुसरं येत काय होतं?"

फुसाएनं जव घातलेल्या भातावर कंद वाढून घेतला आणि तीन वाडगे खाल्ले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"काय झालं गं?"

"कंदाचा हात डोळ्याला लागला."

"धुवून ये मग. येडपटासारखी बसलीयेस."

ती उठली नाही. वाडगा खाली ठेवून म्हणाली, "आई, तोमे काकूंना निरोप पाठवू का? म्हणजे... हो म्हणून?"

"मला काय विचारतेस? लग्न माझं आहे का?"

त्या संध्याकाळी शिगेनोनं मला बांबूच्या कुंच्यानं धुतलं. एक एक खाच धुतली. स्वच्छ झालो तरी ती धुतच राहिली, पाणी बर्फासारखं होतं तरी. मी तिची पाठमोरी बाजू बघत नव्हतो, तिचा चेहराच माझ्यावर वाकलेला होता. म्हणून मला माहीत आहे की ती रडत होती.

वसंतात फुसाए गेली. फार लांब नाही, नदीकाठच्या आगगाडीनं पाऊण तास. निघताना ती शिगेनोच्या कानाशी वाकली. "आई, ती कंदाची जागा सांगून ठेवते. गुहेच्या वरच्या अंगाला—"

"गप!" शिगेनोनं तिला मध्येच तोडलं. "ती तुला मासुओनं दिलीय. माझे गुडघे चढणार आहेत का तिथं? तुझी तुझ्याजवळ ठेव."

मग उन्हाळा गेला. शिगेनो एकटीपुरते चिमूटभर तीळ माझ्यात रगडायची. मला फार सुनं वाटायचं. काठाला कुणाचे हात लागत नसत. घोटणीचा आवाजही त्या रिकाम्या घरात मोठा वाटायचा, म्हणून की काय कोण जाणे, शिगेनो कधी कधी रेडिओ लावून ठेवायची.

पुढच्या नोव्हेंबरमध्ये एका रविवारी दुपारी फुसाए आणि इसाओ आले. इसाओच्या हातात गवतात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी शिगेनोपुढे ठेवलं. उघडलं तर आत कंद, तीन तुकडे झालेला आणि मातीनं बरबटलेला.

"हे कुणी मारलं याला?" शिगेनोनं विचारलं.

इसाओचे कान लाल झाले. "मी काढला, मावशी. पहिल्यांदाच. फुसाएनं जागा सांगितली नाही. म्हणाली, ती दुसऱ्याला सांगायची नाही. म्हणून आमच्या मागच्या टेकडीवर शोधत होतो. चार रविवार गेले."

शिगेनोनं ते तुकडे हातात घेतले आणि खूप वेळ त्यांची माती पुसत राहिली. "चालेल," ती म्हणाली. "पोटात जाऊन एकच होणार आहे."

तिनं मला खाली काढलं. मी कोपऱ्यात जायच्या तयारीत होतो. पण तिनं मला खोलीच्या मधोमध ठेवलं, घोटणी हातात घेतली आणि इसाओला समोर बसायला खुणावलं.

"कसं धरायचं, मावशी?"

"दोन्ही हातांनी. अंगठे बाहेर. आणि गच्च धर, हा खल फार द्वाड आहे. कुणी धरल्याशिवाय जागेवर राहतच नाही. मला तर एकटीला आजवर एकदाही जमलं नाही."

वाडगे घेऊन येणारी फुसाए दारातच थांबली. तिनं शिगेनोकडे पाहिलं. शिगेनो कंदाकडे बघत होती.  फुसाए आत आली आणि तिघांचे वाडगे मांडले.

"मग एरवी तुम्ही काय करता?" इसाओनं काळजीनं विचारलं.

"काय करणार? भात आणि लोणचं खाते आणि झोपते."

"छे छे! असं कसं चालेल? मी येत जाईन ना धरायला."

"लांब पडतं तुला."

"पाऊण तास म्हणजे काही लांब नाही."

त्याचे रुंद हात माझ्या काठाला बसले आणि घोटणी फिरू लागली.

त्याला आता चार वर्षं झाली. मी म्हातारा झालोय, तळाकडच्या खाचा बुजत चालल्यात, घोटणीही वीतभर आखूड झालीय. इसाओ महिन्यातून दोनदा येतो, कधी फुसाएबरोबर, कधी एकटा. बाकीच्या दिवसांत शिगेनो मला खांब आणि पेटीच्या मध्ये दाबते, गुडघा रेटते आणि एकटीच घोटते. काय सुरेख घोटते म्हणून सांगू! मागच्या आठवड्यात ती अशीच घोटत असताना न कळवताच इसाओची पावलं अंगणात वाजली. बाईनं मला झटकन उचलून खोलीच्या मधोमध ठेवलं आणि हातावर हात धरून बसली. तो आत आला तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं आलास. केव्हाची खोळंबलेय."

कधी आमच्या खोऱ्यात आलात तर जेवायला नक्की या. इसाओही तिथे असेल. फक्त एवढी विनंती आहे, त्याला काही सांगू नका.